दहा सह्या

पाचवीत आलेलं पोर माझ्यासमोर पुस्तक उघडून बसलं की दोन ओळींत मला कळतं, याला पहिलीत वाचायला कोणी शिकवलं. बढाई मारत नाही. सत्तावीस वर्षं या शाळेत पाचवीपासून पुढे भाषा शिकवते आहे, एवढं तर शाळेच्या फाटकालाही कळायला लागलं असेल. काही मुलं ओळखीचा शब्द आला की सुसाट सुटतात, आणि अनोळखी आला की पहिली दोन अक्षरं बघून बाकीचं मनचं ठोकून देतात. काही मुलं मात्र अनोळखी शब्दापाशी थांबतात. ओठ हलवतात, बोट सरकवतात आणि शब्द सोडवूनच पुढे जातात. ही दुसरी मुलं स्तांका बाईंची.

स्तांका बुटकी, रुंद, आवाजानं घोगरी. सदा एकच करडा स्वेटर, त्याच्या बाह्यांना खडू. तिच्या टेबलावर लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या असायच्या, एकीत लाल बटणं, दुसरीत निळी. आमच्या गावातला मिरच्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी खुर्च्या, पंखे, तराजू उचलून नेले. हिनं दोन बरण्या आणल्या. सप्टेंबरात पहिलीची मुलं आली की पहिला दीड महिना ती अक्षर दाखवायचीच नाही. नुसते आवाज. 'सापुन' म्हणायचं, साबण. किती आवाज आले? पाच. मग बाकावर पाच बटणं मांडायची, निळं, लाल, निळं, लाल, निळं. लाल म्हणजे तोंड उघडं राहतं तो आवाज, निळं म्हणजे तोंडात अडतो तो.

पालकांचा जीव वरखाली व्हायचा. एकदा एक बाप दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, शेजारच्या वर्गात आठ अक्षरं झाली. आमचा अजून बटणंच मांडतोय. शिंपी करायचाय का त्याला?"

"झाला शिंपी तर बरंच आहे की," स्तांका म्हणाली. "तुझ्या कोटाला एक बटण धड नाही."

अक्षरं आली की खरी कुस्ती सुरू व्हायची. आमच्या लिपीत स्वर व्यंजनाच्या अंगावर बसत नाही, शेजारी सुटा उभा राहतो. मूल 'स' म्हणतं, मग श्वास घेतं, मग 'आ' म्हणतं, आणि दोन्ही मिळून काय झालं विचारलं तर छताकडे बघतं. स्तांका त्याला वर्गाच्या फरश्यांवर उभं करायची. एका फरशीवर 'ससस' धरून ठेवायचा, सोडायचा नाही, दम संपला तरी सोडायचा नाही, आणि पुढच्या फरशीवर पाय पडला की तोंड उघडायचं. सा! कॉरिडॉरमधून जाताना आत सापांचं पिंजराघर आहे असं वाटायचं. चौतीस वर्षं तिनं हेच केलं, आणि या गावात जो कोणी औषधाच्या खोक्यातला कागद शेवटपर्यंत वाचतो तो बहुतेक तिच्या हाताखालून गेलेला असतो.

इस्क्राही तिचीच. सव्वीस वर्षांपूर्वी ती पहिलीत आली तेव्हा तिच्या पायात भावाचे बूट होते, दोन्ही पुढून कागद भरलेले. स्तांकानं तिला वाचायला शिकवलं, पुढे चौथीपर्यंत सांभाळलं, आणि शहरातलं अध्यापनाचं शिक्षण करून पोरगी परत आली तेव्हा त्या वेळच्या मुख्याध्यापकांचे कान खाऊन खाऊन तिला शाळेत लावून घेतली. दोघींचे वर्ग शेजारीशेजारी, कारण आमच्याकडे बाई पहिलीपासून चौथीपर्यंत एकच राहतात आणि दोघींची पाळी एकाच वर्षी आली होती. मोठ्या सुट्टीत दोघी कॉरिडॉरच्या खिडकीपाशी हीटरला टेकून यंत्रातली कॉफी प्यायच्या. इस्क्रा अजून तिला 'बाई'च म्हणायची. पोरगी गोड होती. गिटार वाजवायची, मुलांना नाचवायची, पालकांशी असं बोलायची की प्रत्येकाला वाटावं आपलंच पोर हुशार. मलाही ती आवडायची, हे आत्ताच सांगून टाकते.

फेब्रुवारीत मुख्याध्यापक रांगेलोव्ह यांनी शिक्षकांना बोलावलं. नाताळनंतर आणखी चार कुटुंबं स्पेनला गेली होती. स्तांकाच्या वर्गात अकरा मुलं उरली, इस्क्राच्या तेरा. सप्टेंबरात दोन्ही वर्ग एक होणार.

"एक वर्ग, एक शिक्षिका," रांगेलोव्ह पेनाचं टोपण उघडत-मिटत म्हणाले. "दुसऱ्या बाईंना ग्रंथालय. आत्ता नावं घेत नाही. अक्षरांचा सण होऊ द्या, पालकांचं काय म्हणणं आहे ते बघू."

ग्रंथालय म्हणजे आमच्याकडे कोपऱ्यातली एक खोली, तिथे गेल्या वर्षी सतरा पुस्तकं बाहेर गेली. स्तांकाला निवृत्तीला चार वर्षं होती. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "दारिना, मला ती अकरा मुलं चौथीपर्यंत न्यायची आहेत. अजून तीन जणांचं वाचन कच्चं आहे. नेवेनाचं तर तू विचारूच नकोस."

नेवेना. लहानखुरी, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. आई स्पेनमध्ये एका हॉटेलात खोल्या आवरायला, बाप कुठे आहे हे कुणी विचारायचं नाही. ती राहायची आजीकडे, केरा आजीकडे, आणि आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नेवेनाला अक्षरं सगळी यायची, जोडता यायची नाहीत. ती चित्र बघून शब्द सांगायची. चित्रात बदक असलं की 'बदक', खाली 'तळं' लिहिलेलं असलं तरी 'बदक'. स्तांका आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर तिला तासभर ठेवून घ्यायची. ना कुणाची परवानगी, ना जादा पगार. घरी केलेली बानित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, कागदात गुंडाळून आणायची, अर्धी आधी, अर्धी नंतर. चीज लागलेल्या बोटांनी पोर बटणं सरकवायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी मी तिथून जात होते. आतून नेवेनाचा आवाज आला.

"बाई, इथे लिहिलंय... हहहा... हात... ला... लावू... नये. 'हात लावू नये'! आणि तुम्ही रोज त्याच्यावर मोजे वाळवता!"

हीटरवरची जुनी पट्टी होती ती. चित्र नाही, काही नाही. स्तांका दारात आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. मला म्हणाली, "ऐकलंस? मला रागावली."

अक्षरांचा सण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. तीस अक्षरं शिकून झाली की पहिलीची मुलं डोक्यावर पुठ्ठ्याचे मुकुट घालतात, प्रत्येक मुकुटावर एक अक्षर, आणि सगळ्या गावासमोर वाचून दाखवतात. वसंताच्या नावानं एक मार्चला बांधलेले लाल-पांढरे दोरे मनगटांवर अजून असतात, हॉलमध्ये आज्या, आजोबा, आणि ज्यांच्या आया परदेशात आहेत त्यांच्या मावश्या फोन उंच धरून. आमच्या गावात बाप्तिस्म्याएवढा मान आहे या दिवसाला. पोर मंचावर अडखळलं की घरादाराची मान खाली.

इस्क्राचा वर्ग आधी होता. एकेक मूल पुढे आलं, अंकलिपीचं पान उघडलं आणि घडाघडा वाचून गेलं. काय आवाज, काय हातवारे! टाळ्यांनी खिडक्या हलल्या. औषधदुकानवाल्या बाईंची रालित्सा आली तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते, स्तांका माझ्या शेजारी. रालित्सानं एक पान वाचलं, बोटाला थुंकी लावून पान उलटलं, दोन पानं एकदम उलटली गेली, आणि ती मधलंच पान वाचत राहिली. जे पान तिच्या समोर नव्हतंच ते. एक शब्द चुकला नाही. स्तांकानं माझा हात एवढा घट्ट धरला की अंगठी रुतली. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक पोराच्या तोंडाकडे बघतात, पुस्तकाकडे कोण बघतो?

मग स्तांकाचा वर्ग. तिची रीत निराळी. ती पाहुण्यांनाच दारात चिठ्ठ्या देते, प्रत्येकानं मनचं एक वाक्य लिहायचं, चिठ्ठ्या एका टोपीत टाकायच्या आणि मूल हाताला येईल ती काढून वाचतं. मी किती वर्षं सांगत होते तिला, "अगं, निदान सणाच्या दिवशी तरी सोपं ठेव." ती म्हणायची, "पाठ केलेलं दाखवायचं असेल तर पोपट आणू या ना, त्याला दूधही लागत नाही."

मुलांनी वाचलं. हळू, थांबत थांबत, पण वाचलं. हॉलमध्ये खोकले सुरू झाले. नेवेनाच्या हाती आलं, 'आमच्या मांजरीला तीन पिल्लं झाली.' तिनं बोट ठेवलं, 'आआआ' धरलं, ओठ हलवत निघाली. मिनिटभर लागलं असेल. ती 'तीन'पाशी पोचली तेव्हा मागून एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "हिचं होईस्तोवर चौथं होईल!" सगळा हॉल हसला. नेवेना थांबली, हसणं संपू दिलं, आणि 'पिल्लं झाली' वाचून मगच खाली उतरली. टाळ्या वाजवणारे हात मोजकेच होते. पहिल्या रांगेत केरा आजी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरून बसली होती. तिला दिसत नव्हतं, हसणं मात्र ऐकू आलं होतं.

सोमवारी मोठ्या सुट्टीत, त्याच खिडकीपाशी, स्तांकानं इस्क्राला सांगितलं. मी होते तिथे.

"इस्क्रा, रालित्सानं दोन पानं उलटली आणि मधलं वाचलं. तिला वाचता येत नाही गं. आणखी चार-पाच जणांचं तसंच असणार. घाबरू नकोस, हे होतं. दुपारी माझ्याकडे पाठव, जूनपर्यंत मार्गाला लावू. कुणाला कळायचं कारण नाही."

इस्क्राचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिनं स्तांकाच्या गालाचा मुका घेतला. "बरं झालं बाई, तुम्हीच बघितलंत," म्हणाली. "दुसऱ्या कोणी बघितलं असतं तर?"

दुपारी रालित्सा आली नाही. कोणीच आलं नाही. गुरुवारी इस्क्रा माझ्या वर्गात आली, हातात एक लिहिलेला कागद.

"दारिनाताई, पालकांनी अर्ज लिहिलाय मुख्याध्यापकांना. भाषा जरा कच्ची आहे. तुम्ही एकदा नजर टाकता का?"

अक्षर तिचंच होतं. पहिलीपासून तिच्या अक्षरांच्या शेपट्या खाली वळतात, पाचवीत मीच कितीदा ओरडले होते त्याच्यासाठी. कागद स्तांकाबद्दल होता. बटणांची जुनाट रीत. मुलांचं वाचन मागे पडलंय. सणाच्या दिवशी भर सभेत मुलांची फजिती केली. एका लहान मुलीला शाळा सुटल्यावर एकटीला कोंडून ठेवतात. आणि शेवटी, नोव्हेंबर महिन्यात बाई वर्ग चालू असताना टेबलावर डोकं ठेवून झोपल्या होत्या.

हे शेवटचं मी दोनदा वाचलं. नोव्हेंबरात स्तांकाचा नवरा हॉस्पिटलात होता, चार रात्री ती खुर्चीवर बसून होती, पाचव्या दिवशी मुलं चित्रं रंगवत असताना दहा मिनिटं तिचा डोळा लागला. इस्क्रा काही मागायला आत गेली होती. तिनं आपला कोट काढून स्तांकाच्या अंगावर घातला आणि घंटा होईपर्यंत दोन्ही वर्ग सांभाळले. स्तांकानं मला हे सांगताना इस्क्राचं किती कौतुक केलं होतं! मुलं तोपर्यंत रंगांत बुडालेली. बघितलं होतं ते एकट्या इस्क्रानं.

मग मी काय केलं? फाडला का कागद? तिच्या तोंडावर फेकला का? मी लाल पेन काढलं. कुणाच्या भांडणात पडायचं नाही, हे एक. आणि वाईट भाषा माझ्यानं बघवत नाही, हा माझा रोग. वाक्यं सरळ केली, स्वल्पविराम घातले, जिथे बोलीतले गावठी शब्द होते तिथे कागदाला शोभतील असे शब्द वर लिहिले. मनात म्हटलं, कोण करणार आहे सही? स्तांकाच्या वर्गातले पालक आहेत ते. अर्धे तिच्याच हाताखाली शिकलेत.

इस्क्रा म्हणाली, "थँक्यू ताई. आता कसं वजनदार वाटतंय."

पुढच्या बुधवारी रांगेलोव्ह यांनी स्तांकाला बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात अर्जाची झेरॉक्स होती. अकरा पालकांपैकी दहांच्या सह्या. अकराव्याची आई इटलीत, तिचा फोन लागला नव्हता. 'कोटाला एक बटण धड नाही' असं ज्या बापाला तिनं सुनावलं होतं, त्याची सही सगळ्यात वर, लांबलचक.

"वर्ग गेला," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "हे शेवटचं वाचलंस? हे कुणाला माहीत होतं?"

तिनं माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती तशीच चालत इस्क्राच्या वर्गाच्या दारात गेली. मुलं उभी राहिली, एकसुरात नमस्कार झाला. इस्क्रा फळ्याकडे तोंड करून उभी.

"तुला वाचायला शिकवलं," स्तांका म्हणाली, "त्याचा मला आज पहिल्यांदा पश्चात्ताप होतोय."

"बाई, मला दोन लहान मुलं आहेत."

"माहीत आहे की. दोघांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा माझ्या हातात होती."

इस्क्रा रडायला लागली. तिला रडता येत होतं याचाच मला राग आला. स्तांका रडली नाही. कॉरिडॉरमध्ये तिनं झेरॉक्स खिडकीशी धरली आणि शेवटच्या सहीवर बोट ठेवलं.

"दारिना, हे बघ. केरा आजीची सही म्हणून हे आहे. ही केरा आजीची नाही. हे नेवेनाचं अक्षर आहे." तिनं झेरॉक्सची घडी घातली. "बाकीच्यांचं जाऊ दे. मोठे आहेत, त्यांचं ते बघतील. पण पोरीला बसवून तिच्या हातून सही घेतली? चल माझ्याबरोबर."

मला जायचं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? दुपारी आम्ही दोघी केरा आजीच्या घरी गेलो. खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची रोपं उगवली होती, आजी बोटांनी चाचपून माती ओली आहे का बघत होती. स्तांकाचा आवाज ऐकला आणि ती एकदम उठली, हात पुढे केले, स्तांकाचा चेहरा धरून दोन्ही गालांचे मुके घेतले.

"बाई! तुम्हीच आलात! मीच येणार होते तुमच्याकडे, पण या डोळ्यांनी कुठे यायचं? नेवेना, बाई आल्यात! अक्रोडाचा मुरंबा काढ!"

"केरा आजी," स्तांका म्हणाली, "अर्जावरची सही..."

"तेच तर सांगायचं होतं!" आजीनं तिला खुर्चीत दाबून बसवलं. "इस्क्रा बाई कागद ठेवून गेल्या. म्हणाल्या, मुलीला सप्टेंबरात चांगला वर्ग मिळावा म्हणून आहे, उद्या येऊन नेते. मी म्हटलं, मला काय दिसतंय? पोरीला म्हटलं, तू वाच. आणि बाई, तिनं वाचलं! अख्खा कागद! चित्र नाही, काही नाही, नुसत्या मुंग्याच मुंग्या असतील त्या, आणि पोरगी एकेक शब्द फोडत पार खालपर्यंत गेली. सणाच्या दिवशी लोक हसले ना तिला? मी त्या दिवशी घरी येऊन रडले होते. परवा पण रडले, पण कशी रडले! मजकूर कसला ऐकतेय मी, मी तर नुसतं तिचं वाचणं ऐकत होते. म्हटलं, जिनं वाचलं तिनंच सही करावी, हिचाच मान आहे. देवानं तुमचं भलं करावं बाई."

अक्रोडाची बशी तिच्यासमोर आली, ती तशीच राहिली. नेवेना तिच्या खुर्चीला चिकटून उभी होती, झेरॉक्सकडे डोळे लावून.

"हाच तो कागद! बाई, वाचून दाखवू? मी आता फरशीशिवाय वाचते."

मी म्हटलं, "नको बाळा, बाईंना घाई आहे."

"वाच," स्तांका म्हणाली.

पोरीनं कागद टेबलावर सपाट केला, बोट ठेवलं आणि निघाली. मी सत्तावीस वर्षं मुलांचं वाचन ऐकते आहे. इतकं स्वच्छ वाचन मी फार कमी ऐकलं. लांब शब्दापाशी थांबायची, तो फोडायची, पुन्हा पहिल्यापासून जोडून एका दमात म्हणायची. 'अध्यापनपद्धती'. 'निष्काळजीपणा'. केरा आजी डोळे मिटून मान डोलावत होती. स्तांका पोरीच्या बोटाकडे बघत होती, आणि तिचेही ओठ हलत होते, वर्गात हलायचे तसे. एवढं सगळं चाललेलं असताना ती मुलीबरोबर आवाज धरत होती.

दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला नेवेना थांबली.

"'सदर शिक्षिका.' हे मी परवा पण वाचलं होतं. बरोबर आहे ना? पण बाई, सदर शिक्षिका म्हणजे कोणती शिक्षिका?"

स्तांकानं माझ्याकडे पाहिलं. "या दारिनाबाईंना विचार. भाषेतलं त्यांच्याएवढं आमच्या शाळेत कुणालाच कळत नाही."

इस्क्रानं तिथे लिहिलं होतं, 'आमच्या स्तांका बाई आता म्हाताऱ्या झाल्या, त्यांना जमत नाही.' साधं, सरळ, गावात बोलतात तसं. मी ते खोडलं. अर्जात असं लिहीत नाहीत. वर लाल पेनानं लिहिलं, 'सदर शिक्षिका', आणि पुढे जिथे जिथे नाव होतं तिथे तिथेही तेच केलं, फक्त अगदी वर विषयाच्या ओळीत आद्याक्षर आणि आडनाव ठेवलं, तेही कार्यालयीन पद्धतीनं, 'स. दि. मारकोवा'. या पोरीला तिच्या बाईंचं आडनाव कुठलं माहीत? इस्क्राची वाईट भाषा मी तशीच राहू दिली असती तर नेवेना दुसऱ्या परिच्छेदात 'स्तांका बाई' वाचून थांबली असती. आजीनंही ऐकलं असतं. तो कागद या घरातून सहीशिवाय परत गेला असता.

"बघावं लागेल, बाळा," मी म्हणाले.

तेव्हा स्तांकानंच सांगितलं. "मी. सदर शिक्षिका म्हणजे मी."

नेवेनानं तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. तिचं बोट मागे गेलं, पहिल्या ओळीवर, आणि तिनं पुन्हा वाचायला सुरुवात केली, या वेळी मनात, नुसते ओठ हलवत. तिसऱ्या ओळीपाशी ओठ हलायचे थांबले. केरा आजी विचारत राहिली, "काय गं? का थांबलीस? काय झालं?" तळाशी जिथे तिनं आजीचं नाव लिहिलं होतं त्यावर नेवेनानं तळहात ठेवला, आणि आम्ही निघेपर्यंत तो उचलला नाही. कागद आम्हाला तिथेच ठेवावा लागला.

बाहेर पडल्यावर वर्गातल्या दुसऱ्या कोणाकडेही न जाता आम्ही सरळ घराकडे निघालो. नदीवरून वारा येत होता. बेकरीच्या कोपऱ्यावर स्तांका उभी राहिली, तिनं माझ्या दंडात हात घातला.

"इस्क्रा गेली. पालक गेले," ती म्हणाली. "एवढ्या शाळेत आता तूच तेवढी माझी उरलीस, दारिना."

मी मान हलवली. सप्टेंबरात वर्ग इस्क्राला मिळाला आणि स्तांका ग्रंथालयात बसते. मोठ्या सुट्टीत मी तिच्यासाठी यंत्रातून कॉफी घेऊन जाते, साखर घालून, तिला लागते तशी. त्या लाल पेनाचं तिला अजून सांगितलेलं नाही.